विश्लेषण : युरोपीय मूल्ये शिकवण्यासाठी नाटकाचे प्रशिक्षण कशासाठी?

युरोपीय संघाच्या मूळ कराराच्या दुसऱ्या कलमात संघाची मूल्ये नोंदवली आहेत : मानवी प्रतिष्ठा, स्वातंत्र्य, लोकशाही, समता, कायद्याचे राज्य आणि अल्पसंख्याकांच्या हक्कांसह मानवी हक्क. वाचायला अर्धे मिनिटही लागत नाही. मात्र शाळा अर्धवट सोडलेल्या, काम नसलेल्या किंवा नुकत्याच परदेशातून आलेल्या विशीतल्या मुलांपर्यंत ही यादी पोहोचवायची कशी, हा प्रश्न युरोपात अनेक वर्षे चर्चेत आहे. त्यावरचा एक उपाय म्हणजे अशा मुलांसोबत काम करणाऱ्यांना नाटक, चित्र, छायाचित्र अशा कलांचा वापर शिकवणे. त्यातही सर्वाधिक ओळखीची पद्धत युरोपातली नाही, ब्राझीलच्या एका निर्वासित नाट्यकर्मीची आहे.

हे ‘युथ वर्कर’ कोण?

आपल्याकडे ‘युवा कार्यकर्ता’ म्हटले की पक्षाचा झेंडा आणि चौकातला फ्लेक्स डोळ्यासमोर येतो. युरोपातला युथ वर्कर वेगळा. तो शिक्षक नसतो, समुपदेशकही नसतो. वस्तीतले युवा केंद्र, निर्वासितांचे वसतिगृह, संध्याकाळचा क्लब अशा ठिकाणी तो मुलांसोबत वेळ घालवतो. अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही आणि मुलांनी यायलाच हवे अशी सक्तीही नाही. कंटाळवाणे झाले तर मुले उठून जातात. त्यामुळे भाषणाने काम भागत नाही.

पैसा कुठून येतो?

मुख्यतः ‘इरास्मस प्लस’ या कार्यक्रमातून. १९८७ मध्ये विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीसाठी सुरू झालेला ‘इरास्मस’ आणि इतर योजना एकत्र करून २०१४ मध्ये तो आकाराला आला. २०२१ ते २०२७ या काळासाठी त्याची तरतूद सुमारे २६ अब्ज युरो आहे आणि त्यातला सुमारे दहा टक्के वाटा युवा विभागाचा. लोकशाही जीवनातला सहभाग हे त्याच्या चार प्राधान्यांपैकी एक. युथ वर्करसाठीचे उपक्रम २ ते ६० दिवसांचे असू शकतात. एखादी संस्था प्रस्ताव देते, वेगवेगळ्या देशांतले लोक एकत्र राहून शिकतात आणि शेवटी ‘युथपास’ नावाचे प्रमाणपत्र घेऊन परततात. सहभागासाठी नागरिकत्वापेक्षा तुम्ही कोणत्या देशात राहता, हे पाहिले जाते. त्यामुळे तिकडे वास्तव्य असलेल्या मराठी तरुणांनाही स्थानिक संस्थेमार्फत यात शिरता येते.

प्रशिक्षणात नेमके काय होते?

वेगवेगळ्या देशांतले लोक असल्याने सगळ्यांचे इंग्रजी सारखे नसते. म्हणून सुरुवात बहुधा शरीरापासून होते. ‘अन्याय’ हा शब्द न बोलता तिघांनी मिळून पुतळ्यासारखे उभे राहून दाखवायचा आणि बाकीच्यांनी काय दिसले ते सांगायचे. एकाला पोलीस दिसतो, दुसऱ्याला बाप. चर्चा तिथूनच पेट घेते.

यापुढची पायरी म्हणजे ‘फोरम थिएटर’. समजा, एक मुलगा भाड्याने घर पाहायला जातो. फोनवर घर रिकामे असते. त्याचे आडनाव ऐकले की ते ‘कालच गेलेले’ असते. (हा प्रसंग मुंबई-पुण्यातल्या वाचकांना समजावून सांगायला नको.) पाच-सात मिनिटांचे नाटुकले मुलाच्या पराभवावर संपते. मग ते पुन्हा सुरू होते आणि यावेळी कुणीही प्रेक्षक ‘थांबा’ म्हणून त्या मुलाची जागा घेऊ शकतो. तो वाद घालेल, साक्षीदार आणेल, कायद्याचा हवाला देईल. घरमालकाची भूमिका करणारा मात्र सहजासहजी नमते घेत नाही. घरमालकाचे हृदयपरिवर्तन झाले असे कुणी दाखवू लागले, तर ‘ही जादू झाली’ म्हणून प्रेक्षक ते नाकारू शकतात.

हे सगळे सांभाळणाऱ्याला ‘जोकर’ म्हणतात. पत्त्यांतल्या जोकरसारखा, कोणत्याच रंगाचा नसलेला. प्रशिक्षणात सर्वात अवघड हीच भूमिका. योग्य उत्तर माहीत असूनही ते सांगायचे नाही, फक्त विचारायचे : हे प्रत्यक्षात चालेल का? बोलून शिकवण्याची सवय असलेल्यांची इथे दमछाक होते.

पद्धत आली कुठून?

ऑगस्टो बोआल हे ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक. लष्करी राजवटीने १९७१ मध्ये त्यांना अटक केली, छळ केला. नंतर त्यांना देश सोडावा लागला. १९७३ मध्ये ते पेरूतल्या साक्षरता मोहिमेत काम करत होते. प्रेक्षकांनी उपाय सुचवायचे आणि नटांनी ते करून दाखवायचे, अशी तेव्हाची रीत. बोआल यांनीच सांगितलेल्या आठवणीनुसार, नवऱ्याने फसवलेल्या एका निरक्षर स्त्रीच्या नाटकात एका प्रेक्षक बाईचे नटांनी केलेल्या कशानेच समाधान होईना. अखेर त्यांनी तिलाच मंचावर बोलावले. तिने झाडू उचलला आणि नवरा झालेल्या नटाला चोप दिला! प्रेक्षक नट झाला तो असा. पुढे रिओ शहराचे नगरसेवक असताना (१९९३ ते १९९६) बोआल यांनी याच पद्धतीने लोकांकडून कायद्यांच्या सूचना घेतल्या. त्यातून १३ कायदे झाले.

भारतात पश्चिम बंगालमधली ‘जन संस्कृती’ ही संस्था १९८५ पासून काम करते आहे आणि गावोगावच्या तिच्या फोरम थिएटरची दखल जगभर घेतली जाते. महाराष्ट्रालाही सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांची परंपरा आहे. फरक असा, की जलशात बंडाचे उत्तर मंचावरून मिळते. बोआल यांच्या नाटकात ते प्रेक्षकाला उठून शोधावे लागते.

मग अडचण कुठे आहे?

सत्तेला प्रश्न विचारण्यासाठी घडलेली ही पद्धत आता ब्रुसेल्सच्या निधीतून ‘आपली’ मूल्ये रुजवण्यासाठी वापरली जाते. मूल्ये आधीच ठरलेली आणि प्रेक्षकाने फक्त तिथवर पोहोचायचे, असे झाले तर फोरम थिएटर आणि सरकारी पथनाट्य यांत फारसा फरक उरत नाही. समता म्हणजे काय, हे ठरवण्याचा अधिकार मुलांना द्यायचा असेल, तर युरोपने ती पाळलेली नाही असे म्हणण्याचीही मुभा द्यावी लागेल. भूमध्य समुद्र ओलांडून आलेला मुलगा ते म्हणेलच.

खुद्द संघातही या यादीवर एकमत नाही. हंगेरीविरुद्ध मूल्यभंगाची प्रक्रिया युरोपीय संसदेने २०१८ मध्येच सुरू केली. डिसेंबर २०२२ मध्ये तर सार्वजनिक न्यासांच्या ताब्यात गेलेल्या तिथल्या विद्यापीठांशी ‘इरास्मस प्लस’चे नवे करार करण्यास संघाने मनाई केली. न्यासांच्या मंडळांवर सत्ताधारी राजकारणी बसले होते, हा आक्षेप होता. झळ मात्र परदेशी जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनाही बसली. कायद्याचे राज्य हे मूल्य तिथल्या विद्यार्थ्यांना कोणत्याही कार्यशाळेविना समजले असेल.

आणखी एक धोका व्यवहारातला आहे. युद्ध किंवा मारहाण सोसलेल्या मुलाला ‘तुझी गोष्ट करून दाखव’ म्हणणे सोपे. त्यानंतर तो रडू लागला किंवा गप्प झाला तर काय करायचे, हे आठवड्याभरात शिकता येत नाही. युथ वर्कर मानसोपचारतज्ज्ञ नाही. म्हणून जाणते प्रशिक्षक मुलाची खरी गोष्ट जशीच्या तशी मंचावर आणत नाहीत. अनेकांच्या अनुभवांतून एक काल्पनिक पात्र बनवून घेतात आणि ज्याला नको असेल त्याला नुसते बसून पाहू देतात.

परतल्यावर काय?

खरी कसोटी इथेच. एकत्र राहिलेल्या आठवड्यात सगळेच भारावलेले असतात. प्रकल्प संपताना अहवालात किती जण आले, किती कार्यशाळा झाल्या, हे आकड्यांत येते. परतलेल्या युथ वर्करने आपल्या केंद्रात ते नाटुकले प्रत्यक्षात केले का, आणि केले तेव्हा घरमालकाची भूमिका करायला कोण तयार झाले, हे मोजण्यासाठी रकाना नसतो.