निळ्या रंगाखाली काय आहे? शिडाच्या बोटीसाठी नकाशाचं सॉफ्टवेअर निवडताना

पळसदेवात बसून समुद्रातल्या नकाशांचं काय बोलायचं, असं काही जणांच्या मनात आलं असेल. पण हा विषय समजून घ्यायला याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही.

आत्ता मोबाइल काढा आणि नेहमीचा नकाशा उघडा. उजनीचं बॅकवॉटर कसं दिसतं? सगळीकडे एकसारखं निळं. त्या निळ्याखाली आपलं जुनं गाव आहे, पळसनाथाचं मंदिर आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की मंदिर उघडं पडतं, फोटो काढायला गर्दी होते. नकाशा मात्र निळाच. म्हणजे तो नकाशा एवढंच सांगतो की इथे पाणी आहे. किती आहे आणि खाली काय आहे, हे सांगत नाही. बोट चालवणाऱ्याला तर नेमकं तेच हवं असतं.

लोक मला विचारतात, कुठलं ॲप घेऊ? मी उलट विचारतो, त्यात नकाशे कोणाचे आहेत? ॲप हा फक्त चष्मा. ओपनसीपीएन फुकट आहे, लॅपटॉपवर चालतं, अँड्रॉइडवरही मिळतं. नॅव्हिऑनिक्सला वर्गणी लागते, हाताळायला सोपं. दोन्ही चांगली. पण भारताच्या किनाऱ्याचे अधिकृत नकाशे बनवतं देहरादूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस. तुमच्या सॉफ्टवेअरमधला नकाशा त्या मोजणीवरून आलाय का, शेवटचा कधी सुधारला, हे आधी बघा.

आता नकाशाचे दोन प्रकार. एक रास्टर, म्हणजे कागदी नकाशाचा जसाच्या तसा फोटो. दुसरा व्हेक्टर, त्यात खोली, खडक, दीपगृह ही सगळी माहिती वेगवेगळ्या थरांत असते. व्हेक्टर सोयीचा, पण त्यात एक खोच आहे. तुम्ही झूम कमी केला की पडद्यावर गर्दी नको म्हणून बारीक तपशील लपतो. २९ नोव्हेंबर २०१४ ला व्हॉल्वो ओशन रेसमधली टीम व्हेस्टास विंडची बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराजोस नावाच्या प्रवाळबेटांवर रात्री भर वेगात चढली. बोटीवर नऊ जण, त्यातले आठ व्यावसायिक खलाशी. सगळे वाचले, हे नशीब. ते खडक नकाशात होते बरं का! पण लांबून बघताना पडद्यावर त्यांचा धोका कळत नव्हता, आणि त्या जागेवर पुरेसा झूम करून कोणी पाहिलं नव्हतं. म्हणून आखलेल्या रेषेवर खडक किंवा उथळ पाणी आलं तर स्वतःहून ओरडणारं सॉफ्टवेअर घ्या. आणि तरीही मार्ग आखून झाला की तो पूर्ण मोठा करून, बोट फिरवत, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहा. कंटाळवाणं काम आहे. करायचंच.

पुढचा मुद्दा तुम्हाला मुंबईकरापेक्षा लवकर कळेल. उजनी ‘मायनसमध्ये गेली’ असं आपण म्हणतो. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे. ४९१.०३ मीटर ही शून्याची पातळी, तिच्याखाली त्रेसष्ट टीएमसीच्या वर मृतसाठा असतो. सागरी नकाशातल्या खोलीचंही तसंच. तो आकडा आजच्या पाण्याचा नसतो, ओहोटीच्या एका ठरलेल्या नीचांकापासून मोजलेला असतो. मुंबईत उधाणाला पाणी त्याच्या चार मीटरहून वर जातं. बहुतेक सॉफ्टवेअर ही भरती त्या आकड्यात मिळवत नाहीत, वेगळी दाखवतात. बेरीज आपणच करायची.

उजनीवर असा सागरी नकाशा मिळणार नाही. मग खोली मोजायचं यंत्र बोटीला लावा आणि जीपीएसबरोबर नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर वापरा. प्रत्येक फेरीला त्या दिवशीची धरणाची पातळी लिहून ठेवा. ४९६ मीटर पातळीला एखाद्या जागी सहा मीटर खोली भरली असेल, तर ४९२ ला तिथे दोनच मीटर पाणी. तुमची बोट दीड मीटर खोल बसत असेल तर खाली उरला हातभर. आणि मासेमारी करणाऱ्यांना विचारा. जाळी कुठे अडकतात हे त्यांना पाठ असतं.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. तिथे कुठलंही नकाशाचं सॉफ्टवेअर उपयोगी पडलं नसतं. लाइफ जॅकेट आधी, हवामानाचा अंदाज त्याच्यानंतर, आणि ॲपची वर्गणी सगळ्यात शेवटी.

राहता राहिला प्रश्न, मोबाइल पुरतो का. मे महिन्याच्या उन्हात तो तापून बंद पडतो, ओल्या बोटांनी पडदा ऐकत नाही. नकाशे आधीच उतरवून ठेवा, कारण मध्यावर रेंजचा भरवसा नाही. दुसऱ्या एखाद्या उपकरणावर तेच नकाशे ठेवा, आणि ते सावलीत, कोरड्या डब्यात. होकायंत्र मात्र साधं, बिनबॅटरीचं घ्या.