लाईट संपल्यानंतर

कॅन्सर हाडात उतरलाय, आता लाईट, म्हणजे रेडिएशन, द्यावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले की घरातली सगळी भीती त्या मशीनभोवती गोळा होते. माझ्या आत्याच्या वेळी जवळून पाहिलं ते वेगळंच. मशीनवरची काही मिनिटं त्यातल्या त्यात सोपी. खरं काम पुढच्या दोन-तीन महिन्यांचं, आणि तेही घरात. आत्याचा स्तनाचा कॅन्सर बरीच वर्षं शांत होता. मग पाठ दुखायला लागली आणि एमआरआयमध्ये तो छातीमागच्या मणक्यांत पसरलेला दिसला.

आधी स्कॅन करून पाठीवर शाईने खुणा केल्या, त्या पुसू द्यायच्या नाहीत. मशीन कोबाल्टचं होतं, मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेलं भाभाट्रॉन. कोबाल्ट-६० चा जोर सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, म्हणून स्रोत जुना झाला की तेवढ्याच मात्रेला जास्त वेळ लागतो. किरण जाणवत नाहीत. जाणवतं ते टेबल. ज्या बाईची पाठ ठणकतेय तिलाच कडक फळीवर निश्चल पडायचं असतं. “आजी, हलू नका हां, श्वास नेहमीसारखा चालू द्या,” म्हणून टेक्निशियन जाड दाराबाहेर जातो आणि कॅमेऱ्यातून बघत राहतो. यावरचा उपाय तिथल्या नर्सबाईंनीच सांगितला: नंबर लागायच्या पाऊण तास आधी दुखण्याची गोळी द्यायची. पुढे आत्या बिनतक्रार पडून राहायची.

हाडाच्या दुखण्यासाठी कधी ८ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) एकाच बैठकीत देतात, कधी २० ग्रे पाच दिवसांत, कधी ३० ग्रे दहा दिवसांत. दुखणं सगळ्यांत साधारण सारखंच उतरतं. एकदाच घेतलेल्यांना पुढे पुन्हा घ्यायची वेळ जरा जास्त येते. पण लांबच्या गावाहून एसटीने येणाऱ्या पेशंटला ती एक बैठकच सोसते. असा पर्याय आहे का, हे विचारायला लाजू नये.

आत्याला २० ग्रेचा कोर्स दिला. तो संपला त्या रात्री दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, आणि सगळं घर हादरलं. लाईट उलटली, असंच सगळ्यांना वाटलं. हे सुरुवातीचं उसळणं बऱ्याच जणांना होतं, साधारण तिघांत एकाला. दोन-चार दिवसांत बसतं. डॉक्टरांनी त्यासाठी डेक्सामेथासोन दिलं. ते सकाळी खाऊन घ्यायचं, नाहीतर रात्रीची झोप उडते, साखरही चढते. अन्ननलिका त्या मणक्यांच्या पुढ्यातच असते, म्हणून गिळताना छातीत जळजळलं. मग मिरची बंद. मऊ खिमट, पेज, गार दूध. आराम पडतो तो हळूहळू, दहांतल्या सहा-सात जणांना, आणि पूर्ण गुण यायला चार-सहा आठवडे जातात.

शेजारच्या काकूंनी पाठीला हळदीचा लेप सुचवला, कुणी गरम पिशवी. दोन्ही नको. बामही नको, साबण घासणं नको. सैल सुती कपडा बरा. बाहेरून दिलेली लाईट अंगात साठून राहत नाही, म्हणून नातवंडांनी मांडीवर बसायला किरणांची काही अडचण नाही. फक्त मणका कच्चा आहे, म्हणून उडी मारून नाही.

थकवा मात्र झोपून जात नाही. आत्या दुपारभर झोपून उठायची आणि म्हणायची, “अगं, अंगात काहीच उरलं नाही.” फिजिओथेरपिस्टने उठायची रीत शिकवली: आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, मग कोपराच्या रेट्याने वर यायचं, कंबर न पिळता. हंडा उचलणं बंद, वाकून झाडणं बंद. तिला खुर्चीवर बसवून मेथी निवडायला दिली. रोज थोडं अंगणात चालणं आणि मग विश्रांती, एवढ्यानेच ताकद परत येत गेली.

मॉर्फिनची भीती मला सगळ्यांत जास्त खटकते. मॉर्फिन लागलं म्हणजे संपलं, असं शिकलेली माणसंही म्हणतात आणि पेशंटला कण्हत ठेवतात. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याने हे औषध इतकं जखडलं होतं की गरजवंतालाही ते मिळेना. २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी केली. डॉक्टरांच्या हिशेबाने, वेळेवर घेतलेली गोळी माणसाला झोपवून ठेवण्यासाठी नसते. आत्या त्या गोळीच्या बळावर पारायणाला बसली. बद्धकोष्ठाचं औषध मात्र पहिल्या गोळीबरोबरच सुरू करावं लागतं.

फ्रिजवर एक कागद चिकटवलाय. पाय लटपटले, बधिर झाले, लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, तर सकाळची वाट न बघता तडक हॉस्पिटल. मज्जारज्जू दाबला जात असेल तर तासांचा प्रश्न असतो.

“मी बरी होणार का?” आत्याने डॉक्टरांना थेट विचारलं. “आजार शरीरातून जाणार नाही,” ते म्हणाले, “पण दुखणं आवरता येतं, आणि गोळ्यांनी तो बराच काळ दाबून ठेवता येतो.” घरी येऊन ती रडली, आणि आम्ही तिला रडू दिलं. आता हाडं बळकट करायचं झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन सुरू व्हायचंय. त्याने क्वचित जबड्याचं हाड खराब होतं, म्हणून काढायचे दात आधीच काढून घ्यावे लागतात. आत्याची एक दाढ किडलेली आहे. गुरुवारी दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.