पेलेटची शेगडी घ्यावी का? नागपूरच्या थंडीसाठी आधी हा हिशेब करा

थंडी पडली की आपल्या मोहल्ल्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. परदेशातलं कुणाचं तरी घर. काचेच्या दारामागे जाळ दिसतो, वरच्या डब्यात लाकडाच्या छोट्या गोळ्या ओतल्या जातात, आणि बाहेर बर्फ असताना घरातली माणसं साध्या कपड्यांत बसलेली. खाली लगेच प्रश्न येतो: आपल्याकडे मिळते का, केवढ्याला, आणि त्यात लाकूड-कोळसाही चालतो का?

प्रश्न रास्त आहे. नागपूर उन्हासाठी प्रसिद्ध असलं तरी इथली थंडी हलक्यात घेण्यासारखी नाही. २९ डिसेंबर २०१८ ला शहराचं किमान तापमान ३.५ अंशांवर उतरलं होतं. शिवाय रमजान दरवर्षी १०-११ दिवस मागे सरकतो. २०३० साली तर चंद्रदर्शनाच्या एखाद्या दिवसाच्या फरकानं रमजान जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस, असा एकाच वर्षात दोनदा सुरू होईल. म्हणजे येत्या काही वर्षांत सेहरी, वजू आणि फजर ऐन गारठ्यात येणार. घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर ऊब कशी करायची, याचा विचार आत्ताच केलेला बरा.

पेलेट म्हणजे काय?

लाकडाचा भुसा, पऱ्हाटी, तुराट्या, भुईमुगाची टरफलं, धानाचा कोंडा असा माल वाळवून, बारीक करून, यंत्रात प्रचंड दाबाखाली दाबला की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कांड्या तयार होतात. त्या म्हणजे पेलेट. त्यात बाहेरून गोंद घालावा लागत नाही. लाकडातच असलेला लिग्निन नावाचा घटक उष्णतेनं मऊ होतो आणि तोच भुशाला धरून ठेवतो. कोरडेपणामुळे आणि एकसारख्या आकारामुळे पेलेट ओल्या लाकडापेक्षा बरंच स्वच्छ जळतं.

विदर्भात कच्च्या मालाची वाण नाही. कापसाची वेचणी संपली की शेतात पऱ्हाटी उभीच असते, आणि बरीचशी बांधावर जाळली जाते. नागपुरात केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. तिथं पऱ्हाटीपासून पेलेट आणि ब्रिकेट करण्यावर काम झालेलं आहे. वर्धा रोडवरच्या नीरी या संस्थेनं तर लाकूड, कोळसा, गोवऱ्या आणि शेतातला काडीकचरा या सगळ्यांवर चालणारी 'नीरधूर' नावाची शेगडीच तयार केली. पण नीरधूर ही स्वयंपाकाची शेगडी आहे, खोली गरम करायची नाही. खरेदीला निघण्याआधी हाच फरक नीट समजून घ्यायला हवा.

दोन शेगड्या, दोन कामं

व्हिडिओतली शेगडी खोली गरम करते. तिचा जाळ बंद पेटीत असतो, आणि धूर व विषारी वायू एका पाइपमधून थेट घराबाहेर जातात. काश्मीरच्या बुखारीलाही असाच पाइप असतो.

आपल्या बाजारात 'पेलेट स्टोव्ह' म्हणून जे मिळतं ते बहुतेक स्वयंपाकाचं असतं. त्याला पाइप नसतो. वर उघडा जाळ, खाली किंवा बाजूला छोटा पंखा. अंगणात, गच्चीवर, मोकळ्या ओट्यावर त्यावर बिर्याणी करा, पाणी तापवा, काही हरकत नाही. पण दुकानदार म्हणाला, "रात्री खोलीत ठेवा, रूम मस्त गरम राहते," तर तिथून सरळ उठा.

कारण कार्बन मोनॉक्साइड. कुठलंही इंधन अपुऱ्या हवेत जळलं की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणून श्वास चालू असतानाही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. माणसाला वाटतं सर्दीमुळे होतंय, आणि तो पांघरूण ओढून झोपतो. धूर दिसला नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. निखारा लाल झाल्यावर धूर थांबतो, पण हा वायू निघतच राहतो. म्हणून तसल्यात कोळशाची घमेली "आता धूर नाही" म्हणून आत आणणं सगळ्यात घातक.

थंडीच्या प्रदेशात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांनाही हा धोका चुकत नाही. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरच्या पांद्रेठन भागात आई-वडील आणि ३ मुलं, असं अख्खं कुटुंब बंद घरात गुदमरून गेलं. झोपण्यापूर्वी घरातला विस्तव विझवण्याची ताकीद हदीसमध्ये आहे. ती आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली आहे. थंडीच्या रात्री ती पाळायची, एवढंच.

आता पैशांचा हिशेब

१ किलो चांगल्या पेलेटमध्ये साधारण साडेचार युनिट विजेएवढी उष्णता असते. पाइपच्या चांगल्या शेगडीत त्यातली तीन-चतुर्थांश खोलीला मिळते, म्हणजे सुमारे ३.४ युनिट. समजा पेलेट १५ रुपये किलोनं पडलं, तर एका युनिटएवढी ऊब साडेचार रुपयांच्या आसपास मिळते. १०० युनिटच्या वरच्या टप्प्यात महावितरणची वीज यापेक्षा महाग पडते. म्हणजे इंधनापुरतं पेलेट स्वस्त आहे.

पण शेगडीची किंमत धरायला नको का? समजा पाइप आणि बसवण्याच्या खर्चासह ती ४०,००० रुपयांना पडली. नागपुरात खोली तापवावी अशी थंडी वर्षातले जेमतेम ६० दिवस. शेगडी १० वर्षं टिकली तरी एकूण ६०० दिवस, म्हणजे इंधन न धरताच दिवसाला ६६ रुपये. याउलट १,००० वॉटचा विजेचा हीटर झोपण्याआधी २ तास लावला तर २ युनिट. युनिटला १२ रुपये धरले तरी २४ रुपये झाले.

आणखी एक गोष्ट. परदेशातल्या या शेगड्या साधारण ५ किलोवॅटच्या पुढच्या असतात, कारण तिथं महिनोन् महिने अख्खं घर तापवायचं असतं. आपली १०-१२ फुटांची खोली तेवढ्या आचेनं भट्टी होईल. शिवाय त्यातली पेलेट पुढे ढकलणारी मोटर आणि पंखा विजेवर चालतात. लाइट गेली की शेगडीही बंद, आणि पेटीत उरलेलं इंधन धुमसत राहतं.

त्यामुळे आमचं मत स्पष्ट आहे: नागपूर शहरातल्या साध्या घराला खोली तापवण्यासाठी पेलेटची शेगडी परवडणारी नाही. भाड्याच्या घरात किंवा फ्लॅटमध्ये पाइप काढायचा प्रश्न वेगळाच. मोमीनपुरा, हंसापुरीसारख्या दाट वस्तीत आपला पाइप शेजाऱ्याच्या खिडकीत तोंड काढतो. शेजाऱ्याचा हक्क काय असतो हे आपल्याला सांगायची गरज नाही.

मग पेलेट कुठे उपयोगी?

पाण्यासाठी आणि मोठ्या स्वयंपाकासाठी, तेही घराबाहेर. आपल्या आजी-दादीच्या काळातला तांब्याचा बंब आठवा. सगळ्यात जुनी 'मल्टिफ्युएल' शेगडी तीच! लाकूड, नारळाच्या करवंट्या, मक्याची कणसं, पऱ्हाटी, काहीही घाला. आज त्यात मूठभर पेलेटही घालता येतं. अंगण असेल, घरात आठ-दहा माणसं असतील, तर सकाळचं अंघोळीचं पाणी त्यावर छान निघतं. नियाजची, अकीक्याची किंवा लग्नाची देग चढवायची असेल तर पंख्याची पेलेट भट्टी लाकडापेक्षा कमी धुराची आणि आच कमी-जास्त करायला सोपी.

गॅसशी तुलना करायची तर एक सोपा ठोकताळा आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून भांड्याला जेवढी उष्णता मिळते, तेवढीसाठी साध्या पंख्याच्या शेगडीत सुमारे ७५ किलो पेलेट लागतं. म्हणून सिलिंडरच्या किमतीला ७५ नं भागा. येणाऱ्या आकड्यापेक्षा किलोमागे स्वस्त पेलेट मिळालं तरच बचत. १९ किलोच्या कमर्शियल सिलिंडरला १०० नं भागा. घरगुती सिलिंडरपुढे पेलेट फारसं स्वस्त ठरत नाही. कमर्शियल सिलिंडर वापरणाऱ्या केटरर्सना मात्र हा हिशेब जमू शकतो.

शेगडीआधी इंधन बघा

महाराष्ट्रानं हा धडा एकदा घेतलेला आहे. २००६ मध्ये बीपी या तेल कंपनीनं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर 'ऊर्जा' नावाचा पेलेटचा स्टोव्ह बाजारात आणला. महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडूत मिळून सुमारे ४ लाख स्टोव्ह खपले. स्टोव्ह चांगलाच होता. पण पुढे पेलेटचा कच्चा माल महागला, पेलेटचे भाव वाढले, आणि अनेक घरांत तो स्टोव्ह कोपऱ्यात पडला. पुढे हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे गेला आणि घरांऐवजी हॉटेल-कँटीनकडे वळला.

म्हणूनच एकाहून जास्त इंधनं चालणारी शेगडी बरी. घेताना एवढं बघा:

- 'मल्टिफ्युएल' या शब्दावर जाऊ नका. पेलेट, लाकडाचे तुकडे आणि गोवऱ्या, तिन्ही दुकानदाराला समोर पेटवून दाखवायला सांगा.
- बीआयएसची खूण आणि आयएस १३१५२ हा क्रमांक बघा. स्वयंपाकाच्या अशा शेगडीसाठी हे भारतीय मानक आहे. त्यानुसार पंख्याच्या शेगडीची कार्यक्षमता किमान ३५ टक्के आणि बिनपंख्याची किमान २५ टक्के हवी.
- पंखा, जाळी आणि आतलं अस्तर सुटं मिळतं का, दुरुस्ती नागपुरातच होते का, हे विचारा.
- पेलेट विकणारे किमान दोन तरी ठिकाणी हवेत. एकाच दुकानावर अवलंबून राहू नका.
- पहिल्या वेळी एकच पोतं घ्या. पेलेट कडक, गुळगुळीत हवं, आणि मोडताना 'कट्' आवाज यायला हवा. पोत्याच्या तळाशी खूप भुसा असेल तर माल हलका.
- भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या कोंड्याचं पेलेट स्वस्त वाटतं, पण कोंड्यात राख १५ ते २० टक्के असते. जाळी वारंवार साफ करावी लागते. भुशाच्या किंवा पऱ्हाटीच्या पेलेटची राख बरीच कमी.
- पेलेट पाण्यापासून जपा. ओलं झालं की फुगून पुन्हा भुसा होतो.
- प्लायवूड, रंगवलेलं लाकूड, प्लास्टिक कुठल्याच शेगडीत जाळू नका.

मग घरात ऊब कशी करायची?

अख्खी खोली तापवण्यापेक्षा माणूस आणि पाणी तापवा. ५ माणसांच्या वजूला १५ लिटर कोमट पाणी धरलं तर अर्ध्या युनिटपेक्षाही कमी वीज लागते. आजी-आजोबांच्या पांघरुणात गरम पाण्याची पिशवी, पायात मोजे, जमिनीवर सतरंजी किंवा चटई, दाराखालच्या फटीला कापडाची गुंडाळी. एवढ्यानं खोलीचा निम्मा गारठा कमी जाणवतो.

हीटर लावायचाच तर १६ अँपिअरच्या प्लगवर, एक्स्टेन्शन बोर्डाशिवाय, अंथरुणापासून किमान ३ फूट दूर ठेवा. त्यावर कपडे वाळवू नका, झोपण्याआधी बंद करा. पाण्यात रॉड असेल तर स्विच बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. आणि गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो आधी बाहेर काढून घ्या. तोही हाच वायू सोडतो.

ज्यांच्याकडे शेगडी किंवा बंब आहे, त्यांनी तो उघड्यावरच ठेवावा. राख वरून थंड दिसली तरी आत निखारा तासन् तास जिवंत असतो. ती झाकणाच्या लोखंडी डब्यात, घराबाहेर ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा अलार्म मिळतो. घरात गॅस गिझर किंवा कुठलीही शेगडी असेल तर तो जरूर घ्या.

आणि एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखू लागलं, मळमळलं, चक्कर आली, तर चहा टाकत बसू नका. दारं-खिडक्या सताड उघडा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा, आणि डॉक्टरांना "घरात शेगडी पेटलेली होती" हे पहिल्याच वाक्यात सांगा. त्यावर उपचार ऑक्सिजन आहे, आणि तो जितका लवकर मिळेल तितकं चांगलं.

या हिवाळ्यात ४०,००० रुपयांची शेगडी मनात असेल, तर त्यातले थोडे पैसे जाड रजाई, चांगला गिझर आणि एका अलार्मवर घाला. बाकीचे वाचवा. आणि हा हिशेब घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा, कारण "आमच्या वेळी तर रात्रभर शेगडी असायची" असं तेच सांगतात. तेव्हाच्या कवेलूच्या घरांना फटी होत्या, हवा खेळायची. आता छत स्लॅबचं, आणि खिडक्या घट्ट बंद होणाऱ्या काचेच्या आहेत.