वाळूवरील वळ्या आणि भरती-ओहोटी

कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली, की ओल्या पुळणीवर वाळूच्या लहान लहान वळ्या उघड्या पडतात. ही नक्षी नेत्रसुखद तर आहेच. शिवाय पाणी कोणत्या दिशेने गेले आणि वाळू कोणीकडे सरकली, याची ती नोंदही आहे. किनाऱ्यासंबंधी निर्णय घेणाऱ्या ग्रामपंचायतींना ही नोंद वाचता येणे निश्चितच उपयुक्त ठरेल.

वळ्या कशा तयार होतात?

पाणी संथ असते तेव्हा तळाची वाळू स्थिर राहते. बारीक वाळूवरून वाहणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे २० सेंटिमीटरांच्या पुढे गेला, की कण घरंगळू लागतात आणि एखाद्या लहानशा उंचवट्यापाशी साचतात. या उंचवट्याच्या आडोशाला पाण्याचा भोवरा निर्माण होतो. तो तळाची वाळू उकरतो आणि तिच्यापासून पुढची वळी घडते. वेग फारच वाढला, तर मात्र वळ्या पुसल्या जाऊन वाळू सपाट होते. जेथे लाटांचे पाणी जोराने चढते-उतरते, तो पुळणीचा वरचा उतार म्हणूनच बहुधा गुळगुळीत असतो.

हर्था एअरटन या विदुषीने काचेच्या भांड्यात वाळू व पाणी हेलकावून या वळ्यांचा अभ्यास केला आणि १९०४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपला निबंध वाचला. तेथे स्वतःचा निबंध वाचणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. शाळेत हा प्रयोग सहज करून दाखविता येईल.

लाट आणि प्रवाह

लाटेचे पाणी तळाशी पुढे-मागे हेलकावते. त्यामुळे तिने घडविलेल्या वळीचे दोन्ही उतार जवळजवळ सारखे असतात. प्रवाह मात्र एकाच दिशेने वाहतो. त्याची वळी ज्या बाजूने पाणी येते तिकडे सौम्य उताराची, तर ज्या बाजूला पाणी जाते तिकडे तीव्र उताराची असते. सौम्य उतारावरून चढलेले कण पलीकडे घसरतात आणि संपूर्ण वळीच हळूहळू पुढे सरकते. तीव्र उताराची बाजू हीच वाळूच्या प्रवासाची दिशा होय.

आपल्या किनाऱ्यावर सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. मुंबईजवळ उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळीतील फरक ४ मीटरांहून अधिकही असू शकतो. दक्षिणेकडे तो कमी होत जातो. उधाणात पुळणीचा रुंद पट्टा उघडा पडतो, भांगाच्या दिवसांत अरुंद. ओहोटी सरताना उरलेले पाणी दोन वळ्यांमधील खळग्यांतून वाहते व तेथे आडव्या, बारीक वळ्या उमटविते. मग सारी नक्षी शिडीसारखी दिसते.

निर्णय घेताना

या नोंदीला मर्यादाही आहे. एका दिवसाची वळी केवळ गेल्या काही तासांची हकिकत सांगते. पावसाळ्यातील मोठ्या लाटा पुळणीची वाळू समुद्रात ओढून नेतात आणि शांत ऋतूत तीच वाळू बव्हंशी परत येते. म्हणून एकाच जागेचे निरीक्षण वर्षभर, उधाण व भांग अशा दोन्ही वेळी केले पाहिजे. कर्ली खाडी व समुद्र यांमधील देवबागसारख्या चिंचोळ्या भूपट्टीला याचे विशेष महत्त्व आहे. वाळूच्या वाटेत बांध घातला, तर एका बाजूस ती साचते आणि दुसऱ्या बाजूचा किनारा उपाशी राहून झिजतो. एका गावाचे संरक्षण शेजारच्या गावाचे संकट ठरू नये, यासाठी वाळूची वाट आधी जाणून घेणे अगत्याचे आहे. १९९१ पासूनच्या किनारा नियमन अधिसूचनांनी वाळू-उत्खननावर निर्बंध घातले, त्यामागेही हाच विचार आहे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह दर महिन्याला ठरावीक जागी वळ्यांची दिशा, त्यांमधील अंतर आणि तिथी नोंदवून ठेवावी. अशी वही ग्रामपंचायतीच्या दप्तरी असल्यास तज्ज्ञांशी विचारविनिमय करताना गावाचे म्हणणे अधिक साधार होईल.