उतारवयाची बेगमी

वसईकडच्या माणसाला बेगमी शिकवावी लागत नाही. पावसात होडी बंद राहणार हे ठाऊक असतं, म्हणून ऊन आहे तोवर अर्नाळ्याला आणि पाचूबंदरला मासळी वाळत घातली जाते. राजेळी केळं पिकलं की फार दिवस राहत नाही. वाळवून त्याची सुकेळी केली की पुढं पुष्कळ दिवस पुरतात. पाऊस येणार हे जितकं निश्चित, तितकंच म्हातारपणही निश्चित. पण त्याची तयारी मात्र आपण 'पाहू पुढं' म्हणून टाकून देतो. 'कारखान्यात कापतात ना पैसे? मग पेन्शन मिळेलच की!' असं पुष्कळांना वाटतं. किती मिळेल आणि कशावर मिळेल, हे आज थोडं हिशेबानं पाहू.

वालीव, गोखिवरे, सातिवली इथल्या एखाद्या कारखान्यात तुम्ही काम करता असं धरा. भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे आपला पी. एफ., यासाठी सामान्यतः मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या १२ टक्के रक्कम तुमच्याकडून कापली जाते. तेवढीच मालक घालतो. तुमचे १२ टक्के सगळेच्या सगळे तुमच्या खात्यावर जातात आणि त्यांवर व्याज मिळतं. मालकाच्या बारांतले ८.३३ टक्के मात्र वेगळ्या वाटेनं जातात. ते जातात १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेत. हा भाग तुमच्या नावावर व्याजानं वाढत नाही. तो सर्वांच्या सामाईक निधीत पडतो, आणि त्यातून पुढं ठरावीक सूत्रानं पेन्शन दिलं जातं.

सूत्र सोपं आहे. शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी घ्या, तिला नोकरीच्या वर्षांनी गुणा आणि ७० नी भागा. यात एक मेख आहे. पगार कितीही असो, योजनेसाठी तो एका मर्यादेपर्यंतच मोजला जातो. १ सप्टेंबर २०१४ पासून ही मर्यादा १५,००० रुपये ठरली. तीच धरून हिशेब करू. दहा वर्षं नोकरी झाली तर महिना सुमारे २,१४३ रुपये. वीस वर्षं झाली तर नियमाप्रमाणे दोन वर्षं वाढवून मिळतात, म्हणजे बावीस वर्षांचे सुमारे ४,७१४ रुपये. हे पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होतं. महागाई वाढली म्हणून ते आपोआप वाढत नाही. किमान पेन्शन २०१४ साली १,००० रुपये ठरलं. हजार रुपयांत महिन्याचं दूध आणि औषधं तरी भागतील का, हे ज्याचं त्यानं घरी विचारून पाहावं.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दहा वर्षं पुरी झाल्याशिवाय महिन्याचं पेन्शन मिळत नाही. आपल्याकडे माणूस चार वर्षं एका गाळ्यात, चार वर्षं दुसऱ्यात असा फिरत राहतो. नोकरी सुटली की 'काढून घे पैसे, घराचं डिपॉझिट भरू' असा सल्ला मिळतो. पेन्शनचा भाग काढून घेतला की ती वर्षं पुसली जातात. असं तीनदा झालं तर बारा वर्षं राबूनही हाती पेन्शन शून्य. तीच बारा वर्षं जोडून घेतली असती तर महिना सुमारे २,५७१ रुपये जन्मभर मिळाले असते. म्हणून नोकरी बदलताना यू. ए. एन. हा क्रमांक तोच ठेवा आणि जुनं खातं नव्याला जोडून घ्या. पुढची नोकरी लगेच नसेल तर पैसे न काढता योजनेचं प्रमाणपत्र मागून घ्या. त्यात तुमची वर्षं शाबूत राहतात.

दुसरी गोष्ट घरच्यांची. नोकरीत असताना माणूस दगावला तर दहा वर्षांची अट लागत नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन मिळतं, आणि दोन मुलांना वयाच्या पंचविशीपर्यंत वेगळं मिळतं. पण कागदावर बायकोचं नाव चुकलेलं, जन्मतारीख एकीकडे एक आणि आधार कार्डावर दुसरी, असं असलं तर त्या बाईला खेटे घालावे लागतात. ही दुरुस्ती आपण हयात असतानाच करायची.

आता कोणी म्हणेल, 'आम्ही कुठं कारखान्यात? आमची फुलांची वाडी, आमची रिक्षा!' त्यांच्यासाठी २०१५ साली अटल पेन्शन योजना आली. १८ ते ४० वयाच्या माणसाला बँकेतून किंवा पोस्टातून तीत शिरता येतं. १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्यांना मात्र नव्यानं प्रवेश नाही. साठीनंतर १,००० ते ५,००० रुपयांपर्यंत, आपण निवडू तेवढं पेन्शन मिळतं, आणि आपल्यामागं जोडीदाराला तेवढंच चालू राहतं. ५,००० रुपयांसाठी अठराव्या वर्षी सुरुवात केली तर महिना २१० रुपये, म्हणजे ४२ वर्षांत १,०५,८४० रुपये भरावे लागतात. चाळिसाव्या वर्षी सुरुवात केली तर महिना १,४५४ रुपये, म्हणजे वीस वर्षांत ३,४८,९६०. पेन्शन तेच, किंमत तिपटीहून अधिक! उशिराचा दंड तो हाच.

याहून जास्त हवं असेल तर राष्ट्रीय पेन्शन योजना, म्हणजे एन. पी. एस., १ मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे. तीत रक्कम बाजारात गुंतवली जाते, म्हणून परताव्याची हमी नसते. पण खातं आपलं स्वतःचं असतं आणि नोकरी बदलली तरी तेच चालतं.

तेव्हा सरकारी योजनेचं पेन्शन हा पाया समजावा. भिंती आणि छप्पर आपल्यालाच घालायचं आहे. या रविवारी पासबुक काढा आणि तीनच गोष्टी पाहा: वर्षं किती भरली, जुनी खाती जोडली आहेत का, आणि वारसाचं नाव बरोबर आहे का. त्यात काही चुकलेलं आढळलं तर सोमवारीच अर्ज करा.