तळ्यातली न दिसणारी शिकार

तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तर आपल्याला ते रिकामेच दिसते. पण त्याच्या एका मिलीलीटरमध्ये साधारण १० लाख जिवाणू असतात. शेपटीने पोहणारे एकपेशीय जीव त्यांना खातात. त्यांना अंगभर केस असलेले मोठे एकपेशीय जीव गिळतात आणि या सर्वांना पाणपिसू. शास्त्रज्ञ फारूक आझम व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये समुद्रातील ही साखळी मांडली. तळ्यांतही ती आढळते.

जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवरील कॉन्स्टन्स सरोवरात वसंत ऋतूत शेवाळ वाढते. मग पाणपिसवा वाढून ते फस्त करतात आणि पाणी काही काळ नितळ होते. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवर मात्र बाराही महिने उबदार असते. अशा तळ्यांत मोठ्या पाणपिसवा सहसा कमी असतात. मासे त्यांना वर्षभर टिपतात. त्यामुळे शेवाळावर तसा अंकुश राहत नाही.

आपली तळीही उष्ण प्रदेशातलीच. त्यांत घरांचे सांडपाणी आणि शेतातले खत गेले, तर शेवाळाला आयतेच खाद्य मिळते आणि पाणी हिरवे पडते. ते खाऊन संपवणारे पुरेसे नसतील, तर सांडपाणी तळ्यापासून दूर ठेवणे आपल्याच हाती उरते.