घड्याळात साडेसहा तास, पायांना सोळा

मुंबईहून रात्री एक वाजता निघालेलं थेट विमान सोळा तासांनी न्यूयॉर्कला उतरतं, तेव्हा उन्हाळ्यात तिथे त्याच दिवशीचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. घड्याळाच्या हिशेबाने प्रवास जेमतेम साडेसहा तासांचा. पाय मात्र पूर्ण सोळा तास खाली सोडून बसलेले असतात.

मुलांकडे परदेशी निघालेले आई-वडील तपासणीला येतात, तेव्हा रक्तदाब आणि साखरेबद्दल विचारतात. पायांबद्दल क्वचितच कोणी विचारतं.

पायातलं रक्त हृदयाकडे वर चढवायला पोटरीचे स्नायू मदत करतात. चालताना ते आवळले जातात आणि शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं. तासन्‌तास बसून राहिलं की हा पंप जवळजवळ थांबतो. खोलवरच्या शिरेत रक्त साकळून गुठळी होऊ शकते. ती सुटून फुफ्फुसात अडकली, तर जिवावर बेतू शकतं.

पॅरिसच्या विमानतळावर उतरलेल्या प्रवाशांचा एक अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे सात वर्षांत फुफ्फुसात गुठळी अडकलेले 56 प्रवासी आढळले. पाच हजार किलोमीटरहून कमी अंतराच्या प्रवासात हे जवळपास घडतच नव्हतं. दहा हजारांहून जास्त अंतरात मात्र प्रमाण दहा लाखांत पाचच्या आसपास होतं. मुंबई-न्यूयॉर्क अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे.

म्हणून घाबरून तिकीट रद्द करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार चार तासांहून लांबच्या प्रवासाने गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसांत तो सहा हजारांत एक इतकाच असतो. रात्रभर बसून केलेल्या बस, रेल्वे किंवा मोटारीच्या प्रवासालाही हेच लागू आहे.

पूर्वी गुठळी झालेल्या, कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेल्या, गर्भवती व बाळंतिणी, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या आणि फार स्थूल व्यक्तींनी प्रवासाआधी डॉक्टरांना भेटावं. गरज असल्यास ते मापाचे दाबमोजे किंवा औषध सुचवतील. पायांचा रक्तपुरवठा कमी असलेल्या मधुमेहींनी असे मोजे परस्पर घालू नयेत. कुणीतरी सांगितलं म्हणून अ‍ॅस्पिरिनही घेऊ नये.

बाकीच्यांनी शक्यतो आईल सीट मागावी. दर एक-दोन तासांनी उठून फेरी मारावी. बसल्या जागी टाचा आणि चवडे आळीपाळीने उचलावेत. स्वच्छतागृहात जावं लागेल म्हणून पाणी टाळू नये. झोपेची गोळी घेऊन एकाच स्थितीत पडून राहणं धोक्याचं.

उतरल्यावर दोन्ही पावलं थोडी सुजणं नेहमीचं. ती सूज एक-दोन दिवसांत उतरते. मात्र एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं, तर थेट इमर्जन्सी विभागात जा. ही लक्षणं प्रवासानंतर काही आठवड्यांनीही दिसू शकतात. तिकडचे उपचार महाग आणि मुलांना कशाला त्रास, म्हणून अनेक आई-वडील असं दुखणं अंगावर काढतात. हे दुखणं मात्र थांबत नाही. मुलांना लगेच सांगा.